लाडाचं करडू ढुशी मारू लागलं तर?



परिसर अभ्यासाच्या तासाला एकदा 'आपल्या घरचे प्राणी' हा विषय चालू होता. कुणी गाईबद्दल सांगत होतं, कुणी मांजरीबद्दल. तिसरीतला एक मुलगा मात्र गप्प बसला होता. एरवी 'आमचा सोन्या, आमचा सोन्या' करून डोकं खाणारा हा पोरगा आज गप्प का, म्हणून मी विचारलं. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बाई, सोन्यानं आजीला पाडलं. आजीचा हात मोडला. पप्पा म्हणतात, येत्या बाजाराला सोन्याला न्यायचं."

सोन्या म्हणजे त्याचा बोकड. साधारण पाच महिन्यांचा, काळाभोर, लांब कानांचा, उस्मानाबादी जातीचा. आमच्या भागात हीच जात घरोघरी दिसते. सोन्या दोन दिवसांचा असताना त्याची आई दगावली. या पोरानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. रात्री तो याच्या गोधडीत झोपायचा. आणि बोकडाला बाजारात न्यायचं म्हणजे पुढे त्याचं काय होतं, हे खेड्यातल्या आठ वर्षांच्या मुलाला सांगावं लागत नाही.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्या दिवशी जे पाहिलं, नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून जे समजलं आणि पुढच्या काही महिन्यांत जे अनुभवलं, ते सगळं आजच्या लेखात मांडते आहे. शेळीपालन करणाऱ्या घरांतली मुलं आपल्या वर्गांत असतातच, म्हणून हा विषय आपल्याला माहीत हवा. आणि खरं सांगायचं तर, यात करडापेक्षा माणसांनी शिकण्यासारखं जास्त आहे.

करडू ढुशी का मारतं?

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्यायची. ढुशी मारणं हा शेळीचा स्वभावच आहे. त्यात वाईटपणा नाही.

करडू जन्मल्यावर दहा-पंधरा दिवसांत उड्या मारायला लागतं. दगडावर चढतं, खाली उडी घेतं, मधेच अंग वाकडं करून नाचतं. त्याच सुमारास दुसऱ्या करडाच्या डोक्याला डोकं लावून ढकलाढकलीही सुरू होते. हा त्यांचा खेळ. आपली मुलं जशी कुस्ती खेळतात, तसाच. या खेळातून त्यांचे पाय, मान आणि पाठ बळकट होतात. समोरच्याला किती जोरात धक्का द्यायचा आणि कधी माघार घ्यायची, हेही ती इथेच शिकतात.

दुसरं कारण म्हणजे कळपातलं स्थान. शेळ्यांच्या कळपात मोठा कोण, धाकटा कोण हे ठरलेलं असतं. गव्हाणीवर आधी कोण तोंड घालणार, सावलीची चांगली जागा कुणाची, हे टकरीवरून ठरतं. एकदा ठरलं की रोज भांडण होत नाही. मोठ्या शेळीनं नुसती मान खाली घातली तरी धाकटी बाजूला होते.

मेंढा आणि बोकड यांच्या टकरीतला फरक मुलांना जरूर सांगा. मेंढा चार पावलं मागे जातो आणि पळत येऊन धडक देतो. बोकड बहुतेक वेळा मागच्या दोन पायांवर उभा राहतो आणि वरून खाली डोकं आपटतो. म्हणून करडू आपल्यासमोर मागच्या पायांवर उभं राहिलं की "बघा, सलाम करतंय!" म्हणून टाळ्या वाजवू नका. ते सलाम करत नसतं. ते टक्कर द्यायला बोलावत असतं.

आपणच शिकवलेला खेळ

सोन्याच्या घरी गेल्यावर मी मुलाला विचारलं, "तू सोन्याबरोबर काय काय खेळतोस?" तो उठला, सोन्यासमोर गेला आणि तळहात त्याच्या कपाळावर टेकवून ढकलायला लागला. सोन्यानं लगेच मान खाली घातली आणि उलट ढकललं. "बघा बाई, किती ताकद आहे त्याच्यात!"

मग कळलं की हा खेळ सोन्या महिन्याभराचा असल्यापासून चालू होता. याचा मोठा भाऊ, शेजारची पोरं, रस्त्यानं जाणारे काका, सगळे त्याच्या कपाळाला हात लावायचे. तो ढुशी मारायचा, सगळे हसायचे. जोरात मारली की जास्त हसायचे. कुणी तरी भाकरीचा तुकडाही द्यायचं.

आता आपण शिक्षक आहोत. मुलानं एखादी गोष्ट केली, तिला शाबासकी मिळाली, तर तो ती पुन्हा करतो, हे आपण डी.एड.ला पहिल्याच वर्षी शिकलो. सोन्याला चार महिने शाबासकी मिळत होती. कुणालाही न कळता अख्ख्या गल्लीनं त्याचा वर्ग घेतला होता.

तेव्हा ढुशीनं काही होत नव्हतं. जन्मताना करडू दोन-अडीच किलोचं असतं. पण पाच-सहा महिन्यांत तेच बारा-पंधरा किलोचं होतं, शिंगं येतात, मानेत जोर येतो. पूर्ण वाढलेला बोकड तीस किलोच्या पुढे जातो. खेळ तोच राहतो, अंगातलं बळ मात्र वाढतं. आजी अंगणात वाकून शेण गोळा करत होती. तिचं डोकं खाली होतं. सोन्याच्या भाषेत खाली घातलेलं डोकं म्हणजे 'चल, खेळूया' असं बोलावणं. त्यानं ते स्वीकारलं. आजी पडली, मनगट मोडलं.

यात आणखी एक भर होती. सोन्या एकटा वाढला होता. आईजवळ आणि भावंडांत वाढलेल्या करडाला शेळ्याच शिस्त लावतात. फार मस्ती केली की आई किंवा मोठी शेळी एक धक्का देते, करडू समजतं. बाटलीवर एकट्या वाढलेल्या नर करडाला हे कुणी शिकवत नाही. माणसांतच वाढल्यामुळे माणूस हाच त्याचा कळप होतो. लहानपणी तो माणसाशी खेळतो आणि वयात आला की कळपात जागा मिळवण्यासाठी माणसाशीच भांडतो. म्हणून सगळ्यात लाडावलेला, बाटलीवरचा बोकडच पुढे सगळ्यात त्रासदायक ठरतो. माणसाचं भय नसलेला बोकड हा माणसाला भिणाऱ्या बोकडापेक्षा जास्त धोक्याचा, हे ऐकून मलाही आधी नवल वाटलं होतं.

खेळ, इशारा आणि हल्ला कसा ओळखायचा?

शेळी बोलत नाही, पण अंगानं सांगते. आपण वाचायला शिकायचं.

खेळताना करडाचं अंग सैल असतं. ते उड्या मारतं, तिरकं पळतं, मधेच थांबून दुसरीकडे बघतं. ढुशी हलकी असते आणि लगेच संपते.

इशारा देताना हनुवटी आत ओढली जाते, कपाळ पुढे येतं, नजर आपल्यावर खिळते. पाठीच्या कण्यावरचे केस उभे राहतात. काही बोकड अंग आडवं करून, आहोत त्यापेक्षा मोठं दिसत, हळूहळू जवळ येतात. नाकातून फुरफुर आवाज काढतात.

हल्ल्याच्या आधी ते मागच्या पायांवर उठतात किंवा एकदम डोकं खाली घालून पुढे येतात. एक धक्का देऊन थांबत नाहीत, पुन्हा येतात.

इशारा दिसला की तिथेच थांबायचं, चिडवायचं नाही. मुलांकडून ही तीन चित्रं काढून घेतली तर त्यांच्या पक्कं लक्षात राहतं.

राग येण्याची इतर कारणं

प्रत्येक ढुशीमागे खेळाचीच सवय असते असं नाही. डॉक्टरांनी आम्हाला पुढच्या गोष्टी तपासायला सांगितल्या.

१) वयात येणं. नर करडं तीन-चार महिन्यांतच वयात यायला लागतात. अंगाला उग्र वास येतो, ते स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर लघवी उडवतात, वरचा ओठ उचलून वास घेतात, शेळ्यांच्या मागे लागतात. या काळात माज असतो आणि चिडखोरपणा वाढतो. म्हणूनच तीन महिन्यांनंतर नर आणि मादी करडं वेगळी ठेवायला सांगतात.

२) भूक आणि दाटी. खुराक कमी आणि तोंडं जास्त असली की भांडणं होणारच. गव्हाण अपुरी असेल तर सगळ्यात धाकटं करडू उपाशी राहतं आणि मोठं मुजोर होतं.

३) बांधून ठेवणं. दिवसभर हातभर दाव्यावर बांधलेलं करडू सोडलं की उधळतं. त्याला मुरवलेली ताकद कुठे तरी काढायची असते.

४) दुखणं. शिंग दुखावलं, कानात गोचीड शिरली, खूर वाढून पाय दुखायला लागला, पोट फुगलं, तर शांत शेळीसुद्धा हात लावू देत नाही. आधी गरीब असलेलं जनावर अचानक मारकं झालं तर पहिली शंका दुखण्याची घ्यायची.

५) भीती. कुत्रं मागे लागलं असेल, कुणी काठीनं मारलं असेल तर कोपऱ्यात सापडलेलं करडू धडक देऊन सुटायला बघतं.

६) रेबीज. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या शेळीलाही रेबीज होतो. एकाएकी बदललेलं वागणं, सतत विचित्र आवाजात ओरडणं, तोंडातून लाळ गळणं, खाणंपिणं सुटणं, अंगावर धावून येणं, असं दिसलं तर तिच्या तोंडात हात घालू नका, लाळेला हात लावू नका, मुलांना लांब ठेवा आणि लगेच पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. कुणाला चावली किंवा लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगोलग सरकारी दवाखाना गाठून लस घ्यायची. 'बघू उद्या' करायचं नाही.

काय करायचं? सोन्यासाठी आम्ही केलेले उपाय

सोन्याच्या वडिलांना मी म्हटलं, "दोन महिने द्या. नाही सुधारला तर तुमचा निर्णय." ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या शब्दाखातर थांबतो. पण आईला पुन्हा काही झालं तर एक दिवस ठेवणार नाही." त्यांचंही बरोबरच होतं. घरात म्हातारं माणूस आणि दोन वर्षांची लेक. म्हणून पहिला नियम झाला तो सुरक्षेचा: अंगणात आजी किंवा धाकटी असेल तेव्हा सोन्या दाव्यावरच राहील. पुढचं सगळं त्यानंतर.

कपाळाला हात बंद. घरातल्या आणि गल्लीतल्या कुणीही सोन्याच्या कपाळाला किंवा शिंगाला हात लावायचा नाही. लाड करायचे तर मानेखाली, छातीवर, खांद्यावर किंवा पाठीवर खाजवायचं. करडाला तेही तितकंच आवडतं. शिंग धरून ओढणंही बंद, कारण तेही त्याला टकरीचं बोलावणंच वाटतं. न्यायचं तर गळ्यातल्या पट्ट्याला धरून.

ढुशी मारली की खेळ संपला. ओरडायचं नाही, हसायचं नाही, पळायचं तर अजिबात नाही. पळालं की पाठलागाचा नवा खेळ सुरू होतो. त्याच्याकडे तोंड ठेवून, सरळ उभं राहून, बाजूबाजूनं सरकत फाटकाबाहेर जायचं आणि दोन मिनिटं त्याच्याकडे बघायचंही नाही. ढुशी मारली की सोबत जाते, हे त्याला कळलं पाहिजे. पण हा उपाय लहान करडासाठी. मोठ्या बोकडासमोर मोठ्या माणसानं हातात पाटी, टोपलं किंवा फळी ढालीसारखी धरूनच जायचं.

शांत उभा राहिला की बक्षीस. चारही पाय जमिनीवर, मान सरळ, तेव्हाच सुबाभळीचा पाला किंवा बाभळीच्या चार शेंगा. तेही हातातून नाही, गव्हाणीत टाकून. हातातून खाऊ मिळायची सवय लागली की करडू हात रिकामा दिसल्यावर धक्के मारतं, खिसे हुंगतं.

पाण्याची पिचकारी. शेळ्यांना अंगावर पाणी आवडत नाही. इशारा दिसताच तोंडावर पाण्याची एक बारीक चिळकांडी मारली की बहुतेक करडं मागे सरतात. पण ती ढुशीच्या आधी, अगदी त्याच क्षणी मारायला हवी. पाच मिनिटांनी मारली तर कशाबद्दल मारली हे त्याला कळणार कसं? आणि मुलांनी याचाही खेळ करायचा नाही.

मारायचं नाही. सोन्याच्या काकांचं म्हणणं होतं, "दोन रट्टे द्या कपाळावर, नरम येतोय." पण विचार करा. शेळीचं कपाळ टकरी झेलण्यासाठीच बनलेलं असतं. तिथे मारलेली चापट म्हणजे त्याच्या दृष्टीनं टकरीला दिलेलं उत्तर. तो आणखी जोरानं येतो. काठीनं बडवलं तर तो काठी असताना भितो आणि काठी नसलेल्या माणसाला, म्हणजे आजीला नाही तर लेकराला, गाठतो. काही जण बोकडाला उताणा पाडून दाबून ठेवायला सांगतात. रवंथ करणाऱ्या जनावराला असं उताणं ठेवणं धोक्याचं असतं, त्याच्या पोटात वायू कोंडतो. त्यामुळे तेही नको.

ताकद काढायला जागा. अंगणाच्या कोपऱ्यात दोन-तीन मोठे दगड, एक जुनं लाकडी खोड आणि त्यावर फळी टाकली. सोन्या दिवसभर त्यावर चढउतार करायचा. ढुशी मारायला एक जुनं टायर झाडाला टांगलं. ढुशी मारण्याची गरज संपत नाही, पण ती माणसाऐवजी टायरवर जाते.

जोडीदार. शेळी हा कळपाचा प्राणी. त्याला माणूस पुरत नाही. शेजाऱ्यांचा त्याच्याच वयाचा एक खच्ची केलेला बोकड दिवसभर सोबतीला ठेवायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस टकरी झाल्या. आम्ही लक्ष ठेवून होतो. तिसऱ्या दिवशी दोघे एकमेकांना टेकून रवंथ करत बसले होते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. उपाय सुरू केल्यावर पहिला आठवडा सोन्याच्या ढुशा कमी नाही झाल्या, उलट वाढल्या! घरचे म्हणाले, "बघा, काही उपयोग नाही." पण हे असंच होतं. आजवर ढुशी मारली की लोक खेळायचे. आता खेळेनात, म्हणून तो आणखी जोर लावून पाहत होता. वर्गात मधेमधे ओरडणाऱ्या मुलाकडे आपण लक्ष द्यायचं सोडलं की तो आधी जास्त ओरडतो, तसंच. या आठवड्यात टिकून राहिलं की पुढे उतार लागतो. आणि या आठवड्यात घरातल्या एकानं जरी गुपचूप कपाळाला हात लावला, तर सगळं मुसळ केरात. कारण 'कधी तरी मिळतं' असं कळलेली सवय सगळ्यात उशिरा सुटते. आमच्याकडे तो एक जण म्हणजे मोठा भाऊ निघाला. त्याला समजावायला सोन्यापेक्षा जास्त वेळ लागला!

खच्चीकरण: कधी आणि का?

पैदाशीसाठी ठेवायचा नसेल तर घरी पाळायचा बोकड खच्ची करून घेणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. माज कमी होतो, उग्र वास जातो, शेळ्यांमागे धावणं आणि त्यापायी होणारी भांडणं थांबतात.

हे काम पशुवैद्यकीय दवाखान्यातच करून घ्यायचं. घरगुती पद्धतीनं दोरा बांधणं, ठेचणं असले प्रकार क्रूर आहेत आणि त्यात जनावर दगावू शकतं. डॉक्टर बहुधा बर्डिझो नावाचा चिमटा वापरतात. त्यात कातडी न कापता आतली नस दाबली जाते, उघडी जखम होत नाही. बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांच्या पुढे हे करतात. नेमकं वय डॉक्टर करडाचं वजन आणि तब्येत बघून सांगतात. फार कोवळ्या वयात केलं तर मूत्रमार्ग पुरेसा वाढत नाही आणि पुढे मुतखडा अडकण्याचा धोका असतो, म्हणून उगाच घाई नको. खच्ची केलेल्या बोकडाला धान्याचा खुराक बेतानं, चारा-पाला भरपूर आणि चोवीस तास स्वच्छ पाणी द्यायचं. तो कुंथतोय, पण लघवी होत नाही असं दिसलं तर तास न घालवता डॉक्टर गाठायचा.

मात्र हेही लक्षात ठेवा की खच्ची केल्यावर दुसऱ्या दिवशी बोकड गरीब होत नाही. माज उतरायला काही आठवडे जातात. आणि माज उतरतो, शिकलेली सवय उतरत नाही. ती वरच्या उपायांनीच जाते. दोन्ही सोबत करावं लागतं.

शिंगांचं काय? काही देशांत करडाची शिंगं पहिल्या एक-दोन आठवड्यांतच, नुसता मोड असताना, तज्ज्ञाकडून भूल देऊन जाळून टाकतात. पण एकदा शिंग वाढलं की त्यात रक्तवाहिन्या असतात. घरी करवतीनं शिंग कापणं म्हणजे जनावराला असह्य वेदना आणि रक्तस्राव. ते कधीच करू नका. टोकांना जुना रबरी चेंडू किंवा पाइपचा तुकडा घट्ट बसवला तरी लागण्याचा धोका कमी होतो.

मुलांसाठी पाच नियम

हे नियम मी वर्गाच्या भिंतीवर लावले आहेत.

१) करडाच्या कपाळाला, शिंगाला हात लावायचा नाही.
२) करडासमोर ओणवं व्हायचं नाही, पाठ करून बसायचं नाही.
३) करडू अंगावर आलं तर पळायचं नाही. झाड, भिंत किंवा बाजेच्या आड जायचं आणि मोठ्यांना हाक मारायची.
४) खाणाऱ्या, आजारी किंवा पिल्लू जवळ असलेल्या शेळीला त्रास द्यायचा नाही.
५) शिंग लागून रक्त आलं तर लपवायचं नाही. जखम साबण-पाण्यानं धुवायची आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारायचं.

शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, हेही मुलांना दाखवा. त्यामुळे तिला आजूबाजूचं आणि मागचंही बरंच दिसतं. अगदी पाठीमागची थोडी जागा तेवढी दिसत नाही. तिथून अचानक हात लावला की ती दचकते. म्हणून बाजूनं, हळू बोलत जवळ जायचं.

शेळीला माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव कळतात का, यावर २०१८ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. शेळ्यांसमोर एकाच अनोळखी माणसाचे हसऱ्या आणि रागीट चेहऱ्याचे फोटो ठेवले, तर शेळ्या हसऱ्या फोटोजवळ जास्त गेल्या. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सोन्याचा मालक लगेच म्हणाला, "बाई, मला माहीतच होतं!"

मग सोन्याचं काय झालं?

डॉक्टरांनी सोन्याला तपासलं. दुखणं काही नव्हतं. खच्चीकरण झालं, घरच्यांनी नियम पाळले. साधारण दीड महिन्यानं ढुशा बऱ्याच कमी झाल्या. दोन महिन्यांनी वडिलांनी बाजाराचा विषय काढणं सोडलं.

पण 'सोन्या अगदी गाय झाला' असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. कुणी त्याच्यासमोर वाकलं की आजही त्याची मान खाली जाते. म्हणून आजी आणि धाकटी अंगणात असताना तो अजूनही दाव्यावरच असतो आणि पुढेही राहील. चार महिने शिकवलेलं दोन महिन्यांत पूर्ण पुसलं जात नाही. हा खेळ शिकवलाच नसता तर हे सगळं टळलं असतं. आजीचं मनगटही.

आजी मात्र मोठ्या मनाची. हाताला प्लॅस्टर असतानाच मला म्हणाली, "त्याचा काय दोष बाई? आपणच शिकवलं त्याला."

त्या पोरानं जुन्या पाटीवर खडूनं लिहून ती फाटकाला टांगली आहे: 'सोन्याच्या कपाळाला हात लावू नये. पाठ खाजवावी.' 'पाठ' शब्दाचा ठ उलटा काढलाय, पण मी तो दुरुस्त केला नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

* ढुशी हा करडाचा नैसर्गिक खेळ. तो करडांशी खेळू द्या, माणसाशी नको.
* कपाळ ढकलण्याचा खेळ पहिल्या दिवसापासूनच टाळा.
* बाटलीवरच्या करडाला दुसऱ्या करडांची सोबत द्या.
* अचानक बदललेलं वागणं म्हणजे दुखणं किंवा आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.
* मारून नाही, तर सगळ्यांनी एकच नियम पाळून सवय सुटते.
* पाळायचा बोकड वेळेत, दवाखान्यातच खच्ची करून घ्या.

वर्गासाठी कृती

१) तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या करडाचं लांबून दहा मिनिटं निरीक्षण करा. त्यानं किती वेळा ढुशी मारली? कुणाला मारली? त्याआधी काय घडलं? वहीत तक्ता करा.
२) मेंढ्याची टक्कर आणि बोकडाची टक्कर यांतला फरक चित्र काढून दाखवा.
३) विचार करा आणि सांगा: आजीला लागलं, यात चूक कुणाची? सोन्याची, मुलाची, हसणाऱ्या लोकांची, की सगळ्यांची?

तिसऱ्या प्रश्नावर आमच्या वर्गात पूर्ण तास गेला. सोन्याचा मालक शेवटी उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी हसलो होतो सगळ्यात जास्त." वर्ग क्षणभर शांत झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मी पण हसले होते."